सागवानी पाटातला निळा वेल

बडोद्यात दांडिया बाजारातल्या घरी आजीचा सागवानी पाट होता. त्यावर वेल कोरून निळं इपॉक्सी रेझिन, म्हणजे हार्डनर नावाचा दुसरा द्रव मिसळला की कडक होणारा चिकट द्रव, ओतलं. सकाळी बघतो तर रंग खाचेबाहेर लाकडाच्या रेषांत पसरलेला, वर बुडबुडे. जीव हळहळला. सागाची उघडी छिद्रं रंग पितात आणि त्यांतली हवा वर येते, हे तेव्हा कळलं.

डाग जाईपर्यंत पाट रंधला, खाचा पुन्हा खोल केल्या. आधी बिनरंगाचं रेझिन ब्रशने कडांपर्यंत पातळ फासलं. छिद्रं त्यानेच बुजली, खरी किमया तीच. ते वाळल्यावर हलकं घासून मग निळं ओतलं, हार्डनर डब्यावरच्या प्रमाणात काट्यावर तोलूनच. दोन दिवसांनी, मास्क लावून, १२० आणि मग ४०० नंबरचा पॉलिश पेपर. एकेक पान रेखीव उमटलं. आई कितीतरी वेळ त्यावरून बोट फिरवत होती.