पावसाआधी चेनसॉ तपासा: अडलेली मशीन आणि घरासाठी नवी घेताना

आंब्याच्या शेवटच्या पेट्या गेल्या की वाडीत दुसरी कामं सुरू होतात. सरपण भरायचं, कौलांवर आलेल्या फांद्या उतरवायच्या, गडग्यावर कललेला सुका माड काढायचा. त्यासाठी चेनसॉ माळ्यावरून खाली येते आणि नेमकी तेव्हाच सुरू होत नाही. मेच्या शेवटच्या आठवड्यात तालुक्याच्या दुरुस्तीवाल्याकडे मशीनची रांग लागते. त्यातल्या बऱ्याच मशीन खरं तर बिघडलेल्या नसतातच.

कोकणात ही मशीन चैनीची राहिलेली नाही. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं आणि श्रीवर्धन, मुरूड, मंडणगड, दापोली भागांत माड-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. पुढच्याच वर्षी मेमध्ये तौक्ते किनाऱ्याला लागून वर सरकलं. दोन्ही वेळा घरापर्यंतची वाट मोकळी करायला कुऱ्हाड, कोयता आणि जी चालू असेल ती चेनसॉ एवढंच हाताशी होतं. म्हणून पाऊस लागण्याआधी एक सकाळ मशीनला द्यावी.

सुरूच होत नाही

आधी टाकी उघडून वास घ्या. दिवाळीपासून टाकीत राहिलेलं पेट्रोल वार्निशसारखं आंबूस वास मारतं. ते काढून टाका. आता पंपावर जे साधं पेट्रोल मिळतं त्यात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं आणि आपल्याकडच्या हवेत ओलीला तोटा नाही. ओल जास्त झाली की पाणी आणि इथेनॉलचा थर वेगळा होऊन तळाशी बसतो. चेनसॉचा इंधन ओढणारा फिल्टरही तळाशीच लोळत असतो. म्हणजे इंजिनाला आधी तेच पाणचट मिश्रण मिळतं, ज्यात ऑइल जवळजवळ नसतं. अशी मशीन सुरू झाली नाही तर नशीब समजा. सुरू होऊन ऑइलविना चालली तर पिस्टन घासतो, आणि तो खर्च नव्या मशीनच्या जवळ जातो.

पेट्रोल आणि ऑइलचं मिश्रण लागेल तेवढंच करा, महिन्याभरात संपवा. प्रमाण मशीनच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. 50 ला 1 म्हणजे लिटरला 20 मिली ऑइल, 25 ला 1 म्हणजे लिटरला 40 मिली. अंदाजाने झाकण-दोन झाकणं ओतू नका. औषधाच्या बाटलीबरोबर येणारं मापाचं कप पुरतं. ऑइल हवेने थंड होणाऱ्या टू-स्ट्रोक इंजिनाचंच हवं. किनाऱ्यावरच्या गावांत होडीच्या आउटबोर्ड इंजिनाचं टू-टी ऑइल घरात असतं, ते चालत नाही. ते पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनासाठी बनवलेलं असतं. चेनसॉ त्याहून खूप तापते.

पेट्रोल ताजं आहे, तरी उठत नाही? मग बहुतेक वेळा चोकचा घोळ असतो. थंड मशीन चोक लावून दोन-चारदा ओढली की एकदा ‘फट्’ करून बंद पडते. ती चोक अर्धा उघडण्याची खूण. घाईत ती ऐकू येत नाही, माणूस चोक लावूनच दोरी ओढत राहतो आणि प्लग पेट्रोलने भिजतो. त्यानंतर शंभर वेळा ओढली तरी हात दुखण्यापलीकडे काही होणार नाही. स्विच बंद करा, प्लग काढून पुसा, चोक पूर्ण उघडा आणि प्लगविना पाच-सहा वेळा दोरी ओढून आत साचलेलं पेट्रोल बाहेर जाऊ द्या. तेव्हा तोंड प्लगच्या भोकापासून लांब ठेवा आणि आसपास विडी-काडी नको. मग प्लग लावून चोकविना सुरू करा.

प्लग हातात आहेच तर नीट बघा. टोक कॉफीच्या रंगाचं असेल तर इंजिनाची तब्येत ठीक. काळं, तेलकट असेल तर ऑइल जास्त पडतंय किंवा एअर फिल्टर चोंदलाय. पांढुरकं दिसलं तर इंजिनाला इंधन कमी मिळतंय, अशी मशीन रेटून चालवू नका. प्लगची फट साधारण अर्धा मिलिमीटर असावी. शंका असेल तर सरळ नवा प्लग घाला.

सुरू होते, पण रेस दिली की मरते

यात तीन गोष्टी क्रमाने बघा. एअर फिल्टर काढून कोमट साबणाच्या पाण्यात धुवा, पूर्ण वाळवूनच बसवा. मग टाकीतला फिल्टर तारेच्या आकड्याने बाहेर ओढा. काळा पडला असेल तर बदला. तिसरी गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही: टाकीला हवा घ्यायचं बारीक छिद्र असतं, ते बुजलं की थोडा वेळ चालून मशीन मरते. झाकण किंचित सैल केल्यावर नीट चालली तर दोष तिथेच आहे. हे बघून झालं की झाकण पुन्हा घट्ट लावा, सांडतं पेट्रोल आणि तापलेला सायलेन्सर जवळजवळ असतात.

एवढं करूनही जोर येत नसेल तर सायलेन्सरच्या तोंडाची जाळी काजळीने भरली आहे का ते बघा. नाहीतर कार्बोरेटरमधला पातळ पडदा कडक झालेला असतो. त्याचा दुरुस्ती संच मिळतो, तो बसवण्याचं काम मात्र मेकॅनिककडे द्या. कार्बोरेटरचे स्क्रू स्वतः फिरवून बघण्याच्या मी विरुद्ध आहे. मिश्रण पातळ झालं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडलं, की मशीन अगदी सुरेख, चढ्या आवाजात चालते आणि त्याच सुरात आतून जळते.

एक दोष मात्र अजिबात चालवून घेऊ नका. रेस सोडल्यावर, मशीन नुसती धडधडत असताना चेन फिरता कामा नये. फिरत असेल तर आयडल जास्त आहे किंवा क्लचची स्प्रिंग गेली आहे. दुरुस्त होईपर्यंत तिला हात लावू नका. उलट, रेस दिली तरी चेन जागची हलत नसेल तर आधी ब्रेकचा पुढचा दांडा मागे ओढलेला आहे ना ते बघा. दुकानापर्यंत जाऊन परत आलेल्या अशा कितीतरी मशीन आहेत.

चालते, पण कापत नाही

इथे इंजिनाचा दोष नसतो, धार गेलेली असते. ओळखायला सोपं आहे: धारदार चेन लाकडाचे कपचे उडवते, बोथट चेन पिठासारखा भुसा पाडते. मशीन आपणहून लाकडात उतरायला हवी. तुम्हाला दाबावं लागत असेल तर थांबा आणि धार लावा. नवी चेन घालूनही कापत नसेल तर ती उलटी बसली आहे. वरच्या बाजूला दातांची धार टोकाकडे असावी.

धार बोथट करण्यात आपल्याकडची माती पहिली. जमिनीवर पडलेला ओंडका आरपार कापायला गेलात की शेवटच्या क्षणी चेन मातीला किंवा वाळूला लागते आणि एका सेकंदात सकाळची धार जाते. खाली आडवं लाकूड सरकवा, किंवा पाऊण जाडीपर्यंत कापून ओंडका उलटा. माडाचं खोड आणखी त्रासदायक. बाहेरून कठीण, आत तंतूंचं, आणि किनाऱ्यालगतच्या झाडाच्या सालीत वाळू अडकलेली. कापायच्या रेषेवरची साल आधी कोयत्याने तासून घ्या. जुन्या कुंपणाच्या झाडात खिळा किंवा काटेरी तार गिळलेली असते, तीही बघा.

धार घरीच लागते. गोल कानस चेनच्या मापाची हवी. घरगुती लहान मशीनच्या चेनला बहुतेक वेळा 4 मिमीची लागते, 0.325 इंच पिचच्या (पिच म्हणजे दुव्यांमधल्या अंतराचं माप) चेनला 4.8 मिमीची. हातमोजे घाला, बार (चेन जिच्यावर फिरते ती लांब पट्टी) घट्ट पकडीत धरा, दातावर कोरलेल्या खुणेला धरून साधारण 30 अंशांत कानस आतून बाहेर ढकला. परत आणताना घासू नका. प्रत्येक दाताला सारखेच हात द्या, आधी एका बाजूचे सगळे, मग दुसऱ्या बाजूचे. एका बाजूचे दात लहान राहिले की काप वाकडा जातो, आणि माणूस म्हणतो बार वाकला. दातापुढचा बुटका उंचवटा दोन-चार धारांनंतर सपाट कानसीने किंचित उतरवावा लागतो, पण मापपट्टी लावूनच. तो जास्त उतरवला की चेन लाकूड ओरबाडते आणि मशीन अंगावर झटका देते.

चेनचा ताण थंड मशीनवर बघा. ती बारच्या खालच्या कडेला चिकटलेली हवी, पण ब्रेक सोडून हाताने सरकावी. काम संपल्यावर पुन्हा सैल करा, कारण तापून लांबलेली चेन थंड होताना आवळते.

बारच्या ऑइलची टाकी वेगळी असते आणि दर वेळी पेट्रोलबरोबर तीही भरायची असते. मशीनचं टोक जुन्या पुठ्ठ्यापासून वीतभर लांब धरून रेस द्या. पुठ्ठ्यावर तेलाची रेघ उमटली पाहिजे. उमटली नाही तर बारची खाच आणि तेलाचं छिद्र भुशाने भरलं आहे, तारेने साफ करा. गाडीतून काढलेलं जळकं ऑइल इथे घालायची पद्धत सर्रास आहे. फुकटचं म्हणून ठीक वाटतं, पण त्यातले धातूचे कण पंप आणि बार दोन्ही खातात, आणि ते तुषार तुमच्याच अंगावर उडतात.

नवी घ्यायची तर

बाजारात 58 सीसी, 22 इंची बारची बिननावाची मशीन स्वस्तात मिळते. दुकानदार सीसीवर जोर देतो, घेणाराही त्याला भुलतो. घरच्या कामाला एवढी मशीन लागत नाही. माडाचं खोड बहुधा फूटभर जाडीचं, आंब्या-काजूच्या फांद्या त्याहून कमी. 35 ते 45 सीसी आणि 14 ते 16 इंची बार एवढ्यात वाडीतलं जवळजवळ सगळं काम होतं. त्याहून जाड बुंधा दोन्ही बाजूंनी कापता येतो. मोठ्या मशीनचं ओझं अर्ध्या तासात हातांना कळतं, आणि थकलेल्या हातातली चेनसॉ म्हणजे धोकाच.

विजेची चेनसॉ मांडवात सरपण फोडायला उत्तम: आवाज कमी, पेट्रोलची कटकट नाही. पण वादळानंतर आधी जाते ती वीज, आणि ओल्या चिखलात लांब वायर ओढणं मला तरी पटत नाही. बॅटरीवरची हातभर लांबीची लहान मशीन काजूच्या मनगटाएवढ्या फांद्या छाटायला छान आहे. पडलेल्या झाडाला ती पुरणार नाही.

दुकानात शिरल्यावर किमतीआधी हे विचारा: या मशीनची चेन, बार, दोरी, चेनच्या दात्याचं चाक आणि कार्बोरेटरचा संच आता, या दुकानात आहे का? ‘मागवून देऊ’ असं उत्तर आलं तर दुसरीकडे जा. जूनमध्ये मागवलेला भाग पोचेपर्यंत सरपण भिजलेलं असतं. ऑनलाइन घेणार असाल तर आधी जवळच्या मेकॅनिकला विचारून घ्या की तो ती कंपनी हातात घेईल का. बारवर पिच, गेज (बारच्या खाचेची रुंदी) आणि दुव्यांची संख्या कोरलेली असते, तिचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. तीनही आकडे जुळल्याशिवाय चेन बसत नाही.

मग मशीन तुमच्यासमोर थंड असताना सुरू करायला लावा. ब्रेकचा दांडा पुढे ढकलल्यावर चेन तत्क्षणी थांबली पाहिजे. चेन तुटली तर ती पकडणारा आकडा खाली आहे का बघा. हे दोन्ही नसतील तर फुकटही घेऊ नका.

पडलेलं झाड कापताना

हेल्मेट, डोळ्यांवर जाळी, कानाला झाकण, बूट आणि फुल पँट. लुंगी, पंचा, खांद्यावर टॉवेल घालून मशीन चालवणारे रोज दिसतात. कापडाचं टोक चेनला लागायला वेळ लागत नाही. खांद्याच्या वर कापू नका, शिडीवर चढून तर नाहीच. बारच्या टोकाचा वरचा कोपरा कशालाही लागू देऊ नका, तिथूनच मशीन उसळून तोंडाकडे येते.

आडवं पडलेलं झाड मोकळं नसतं, कुठेतरी ताणलेलं असतं. दोन टोकांवर टेकलेल्या खोडात वरची बाजू दबलेली आणि खालची ताणलेली असते. आधी दबलेल्या बाजूने थोडं कापा, मग ताणलेल्या बाजूने. उलट केलंत तर खोड फाटतं किंवा बार अडकतो. लाकडाच्या दोन पाचरी जवळ ठेवाव्यात. मुळासकट उपटलेल्या झाडाचं खोड कापलं की मुळांचा गड्डा परत खड्ड्यात बसू शकतो, म्हणून त्या खड्ड्यात कोणी, विशेषतः पोरं, उभी नकोत. तारेवर पडलेल्या झाडाला वीज गेलेली असली तरी हात लावू नका. 1912 वर कळवा, लाइन बंद केल्याची खात्री झाल्यावरच पुढे.

वाचवण्याजोग्या आंब्याची मोडकी फांदी नीट कापून जखमेवर बोर्डो पेस्ट लावा: मोरचूद 1 किलो, कळीचा चुना 1 किलो, पाणी 10 लिटर. उभं झाड तोडायचं असेल तर परवानगीचा प्रश्न येतो. महाराष्ट्रात 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत साग, खैर, ऐन यांच्याबरोबर आंबा, फणस, चिंच आणि जांभूळही आहेत. गोव्यात 1984 चा वृक्ष संरक्षण कायदा लागू आहे.

आणि नुकसानभरपाई मागायची असेल तर तुकडे करायच्या आधी पंचनामा. तलाठी (महाराष्ट्रात आता ग्राम महसूल अधिकारी), कृषी सहाय्यक (आता सहाय्यक कृषी अधिकारी) यांना कळवा, प्रत्येक पडलेल्या झाडाचा मुळासकट फोटो काढा, झाडं मोजून लिहून ठेवा. घरची वाट अडली असेल तर तेवढंच खोड फोटो काढून बाजूला करा, बाकीची झाडं ते येऊन बघेपर्यंत आहेत तशी राहू द्या.