समुद्रावर तबकडी दिसली? फॉरवर्ड करण्याआधी या चुका टाळा

पाऊस गेला, आकाश निवळलं की माझ्या मोबाईलवर व्हिडिओ यायला सुरुवात होते. गुहागर, देवगड, मालवण, कधी थेट अलिबागहून. काळाकुट्ट पडदा, मधोमध थरथरणारा पांढरा ठिपका आणि मागून कोणीतरी "बघ, बघ, बघ" ओरडतंय. खाली एकच ओळ: "सर, ही उडती तबकडी आहे का?" किती वाजता, कुठल्या दिशेला, कुठे उभं राहून काढला, यातलं काहीही नाही.

झूम करू नका

सगळ्यात वैताग आणणारी चूक हीच. दिवा दिसला रे दिसला की दोन बोटांनी स्क्रीन ताणायची. डिजिटल झूम नवीन काही दाखवत नाही, आहे तेच चित्र कापून मोठं करतो. अंधारात ऑटोफोकसला धरायला काही मिळत नाही, तो मागेपुढे होत राहतो, आणि फोकस सुटलेला कुठलाही ठिपका थाळीसारखा पसरतो. मग लोक मला त्या थाळीवरच्या 'खिडक्या' दाखवतात! तो आकार लेन्समुळे आलेला असतो, आकाशातल्या वस्तूचा त्याच्याशी संबंध नसतो. चित्रात रस्त्यावरचा दिवा असेल तर लेन्समध्ये त्याचं प्रतिबिंब पडून समोरच्या बाजूला हिरवट ठिपका उमटतो, हा आणखी एक ताप. फोन जरा हलवला की तो उलटा सरकतो, तेवढं बघितलं तरी पुरे.

मी फोन गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, टेकवतो, झूमला हात लावत नाही आणि चित्रात माडाचा शेंडा किंवा कौलांची कड येईल असं बघतो. व्हिडिओ चालू असतानाच वेळ आणि दिशा मोठ्याने बोलतो. दोन वाक्यांचं काम आहे, पण तेवढाही धीर कोणाला नसतो.

एकट्या दिव्याचं अंतर आणि वेग ठरवू नका

नोव्हेंबरातल्या एका रात्री देवगडकडच्या एका वाडीतून फोन आला. अर्धी वाडी सड्यावर, म्हणजे वरच्या कातळी माळावर, जमली होती. समुद्रावर हिरवट-पांढरा उजेड अधांतरी लटकलेला, मध्येच त्याचे दोन होत, मध्येच एक. कोणी म्हणे दोन किलोमीटरवर आहे, कोणी म्हणे पन्नास. एक उत्साही पोरगा धावत पुळणीवर, म्हणजे किनाऱ्यावरच्या वाळूत, उतरला आणि परत येऊन म्हणाला, खालून काहीच दिसत नाही. झालं! फक्त सड्यावरच्यांना दर्शन देणारी तबकडी म्हणून तिची कीर्ती रात्रीतच तीन तालुक्यांत पोचली. जुनी माणसं वेताळाची पालखी म्हणून हात तरी जोडायची आणि घरी जायची.

खरं तर त्या पोराने कोडं तिथेच सोडवलं होतं. पुळणीवर उभ्या माणसाचं क्षितिज साधारण ५ किलोमीटरवर असतं. ८० मीटर उंच सड्यावरून तेच ३२ किलोमीटरवर जातं. म्हणजे पंचवीसेक किलोमीटरवरच्या बोटीचे दिवे वरून दिसणार, खालून नाही. काळोखात पाणी कुठे संपतं आणि आभाळ कुठे सुरू होतं ते कळत नाही, त्यात धुरकट हवा, म्हणून उजेड अधांतरी वाटतो. थंड हवेवर गरम हवेचा थर बसला असेल तर प्रकाश वाकतो आणि दिवे आणखी उचललेले किंवा दुभंगलेले दिसतात. दुसऱ्या दिवशी सकाळी जेटीवर एका म्हाताऱ्या तांडेलाला, म्हणजे बोट चालवणाऱ्या म्होरक्याला, विचारलं. तो हसायलाच लागला. "अवो मास्तरानू, तबकडी खंयची? पर्सनेटवाल्यांचे लाइट ते!" पर्सनेट म्हणजे माशांच्या थव्याला वेढा घालणारं मोठं जाळं, आणि मासे जमवायला रात्री बोटीवर दिवे लावतात. एलईडी लावून मासेमारी करायला २०१७ पासून बंदी आहे, म्हणून ही मंडळी दूर जातात. तबकडीची बातमी फिरली, तांडेलाचं म्हणणं मात्र कोणीच फॉरवर्ड केलं नाही.

वेगाचंही तेच. अमेरिकी नौदलाच्या विमानातून २०१५ साली घेतलेला 'गो फास्ट' नावाचा व्हिडिओ प्रसिद्ध आहे. वस्तू समुद्रालगत सुसाट चाललीय असं वाटतं. नासाच्या समितीने २०२३ च्या अहवालात व्हिडिओतलेच आकडे घेऊन गणित केलं, तर ती १३,००० फुटांवर आणि वेग ताशी ४० मैलांच्या आसपास निघाला. पळत होतं ते मुख्यतः व्हिडिओ घेणारं विमान.

म्हणून डोकं विजेच्या खांबाला टेकवा आणि दिवा खांबाच्या कडेशी जुळवून दोन मिनिटं गप्प उभे राहा. काळोखात एकटा दिवा टक लावून पाहिला की तो आपोआप हलल्याचा भास होतो. उंची हात लांब करून मुठीने मोजा, एक मूठ म्हणजे साधारण १० अंश. शेजारच्या गावातल्या ओळखीच्याला फोन लावून त्याला कुठल्या दिशेला दिसतंय ते विचारा. नकाशावर दोन रेघा मारल्या की अंतराचा वाद मिटतो.

बाकीचे दिवे, थोडक्यात

सूर्यास्तानंतर पश्चिमेला ठळक, न लुकलुकणारा दिवा असेल तर उद्या त्याच वेळी पुन्हा बघा. शुक्र असेल तर जवळजवळ तिथेच भेटेल.

ओळीने जाणारे दिवे म्हणजे बहुधा स्टारलिंक, इंटरनेट पुरवणारे उपग्रह. २०१९ पासून हे चालू आहे.

सरळ जाता जाता आकाशातच विझला? उपग्रह पृथ्वीच्या सावलीत शिरला.

जागचा न हलता मोठा होत गेला? चिपी किंवा मोपाला उतरणारं विमान तुमच्याकडे तोंड करून येतंय.

जळत, तुकडे होत गेला? २ एप्रिल २०२२ ला विदर्भापासून खानदेशापर्यंत तसं दिसलं होतं. चंद्रपूर जिल्ह्यात लाडबोरीला धातूची मोठी कडी पडली. चिनी रॉकेटचा टप्पा असावा.

न बघताच 'शुक्र' म्हणू नका

हे दुसऱ्या टोकाचे शहाणे. ॲप उघडायचं, बाण दिसेल त्या दिशेचं नाव ठोकून द्यायचं. मोटारसायकलच्या टाकीवर ठेवलेल्या फोनचं होकायंत्र धड चालत नाही, हे त्यांच्या गावी नसतं. शुक्र पहाटे उगवत असतानाच्या दिवसांतही संध्याकाळच्या दिव्याला शुक्र ठरवणारे मी पाहिलेत.

माझ्या वहीत वेंगुर्ल्याच्या एका बाईंनी पाठवलेली नोंद आहे: पहाटे ४:५०, नैऋत्य, क्षितिजापासून दोन मुठी, नारिंगी, सहा सेकंद, आवाज नाही. व्हिडिओ नाही. उपग्रह, विमानं, बोटी सगळं ताडून झालं, काही लागलेलं नाही. पहाटे त्या दिशेला असं काही दुसऱ्या कोणी लिहून ठेवलं असेल तर मला कळवा.