शाब्ली: चाखावी कशी आणि कशासोबत घ्यावी

फ्रान्सच्या पांढऱ्या वाइनची ओळख करून घ्यायची असेल, तर सुरुवात शाब्लीपासून करणे सोयीचे ठरते. कारण ती केवळ शार्दोने द्राक्षांचीच असते आणि बहुतेक करून स्टीलच्या टाक्यांत मुरते, त्यामुळे ओक लाकडाचा गंध मध्ये न येता द्राक्षाची मूळ चव कळते. फ्रान्समधील बरगंडी या वाइनच्या प्रांताच्या उत्तर टोकाला, सेरँ नदीच्या दोन्ही तीरांवर तिच्या द्राक्षबागा आहेत. तिथल्या थंड हवेमुळे द्राक्षांत आंबटपणा टिकतो, आणि या वाइनची खरी ओळख तीच.

बाटलीवर ‘पती शाब्ली’ (फ्रेंचमध्ये ‘पती’ म्हणजे लहान), ‘शाब्ली’, ‘प्रमिए क्रू’ आणि ‘ग्राँ क्रू’ अशा दर्जाच्या चार चढत्या पायऱ्या दिसतात. पहिल्या खेपेस नुसती ‘शाब्ली’ घ्यावी. ग्राँ क्रू ही काही वर्षे मुरल्यावरच खुलते, त्यामुळे ती घाईने उघडण्यात पैसा जातो आणि चवही पुरती मिळत नाही.

वाइन १० ते ११ अंश सेल्सिअसला असावी. फ्रिजमधून काढल्याबरोबर ओतली, तर गारठ्याने वास दबतो आणि आंबटपणा तेवढा टोचतो; म्हणून बाटली दहा-पंधरा मिनिटे बाहेर ठेवावी, उन्हाळ्यात त्याहून कमी. पेला एक तृतीयांशच भरावा आणि दांडीला धरावा. रंग फिकट पिवळा, किंचित हिरवट झाक असलेला दिसेल. आधी पेला न हलवता वास घ्यावा, मग हलकेच फिरवून पुन्हा घ्यावा: प्रथम लिंबाची साल व हिरवे सफरचंद जाणवते, आणि मागून नुकत्याच पुसलेल्या ओल्या फळ्यासारखा खडूचा वास येतो. या भागातील चुनखडीत कालवांचे (ऑयस्टर या शिंपल्यांचे) अतिप्राचीन जीवाश्म सापडतात, म्हणून हा वास थेट त्या दगडातून येतो असे हौसेने सांगितले जाते. भूवैज्ञानिकांना मात्र ते मान्य नाही.

घोट लगेच गिळू नये. तो जिभेवर फिरवून गिळल्यावर जबड्याच्या दोन्ही बाजूंना किती लाळ सुटते, त्यावरून आंबटपणाचा अंदाज येतो, आणि चव किती वेळ रेंगाळते यावरून प्रत कळते.

जेवणाशी जोड लावण्याचे गमकही या आंबटपणातच आहे. मीठ आणि स्निग्धता त्याला मऊ करतात, गोड पदार्थ त्याला बोचरा करतो, तर मद्यार्कामुळे तिखटाची आग वाढते. म्हणूनच फ्रान्समध्ये शाब्लीबरोबर कच्ची कालवे खातात. एक घोट, एक कालव, पुन्हा एक घोट असा क्रम ठेवावा, आणि पहिले कालव लिंबू न पिळता खावे. दुसरा घोट पहिल्यापेक्षा गोलसर लागला, तर जोड जमली असे समजावे. शेळीच्या दुधाचे चीज, लसूण-लोण्यातल्या गोगलगायी आणि गूझेर नावाचे चीजचे खुसखुशीत गोळे हेही तिला शोभतात.

कोकणातली कालवे मसाल्यात शिजवली, की वाटणापुढे शाब्ली फिकी पडते. त्यापेक्षा मीठ व थोडी हळद लावून लोण्यात परतलेला पापलेट तिच्याबरोबर चांगला जातो. सोलकढी मात्र त्या ताटात नको, कारण कोकमाच्या आंबटापुढे वाइन पाणचट लागते.