व्हॉल्व्हचा रेडिओ पेटतो, पण बोलत नाही: बिघाड कसा शोधावा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात घर दुरुस्तीला काढलं की माळ्यावरून अजूनही लाकडी पेटीचा मर्फी, बुश नाहीतर फिलिप्स निघतो. प्लग लावला की डायल उजळते, मॅजिक आय (स्टेशन नीट लागलं का ते दाखवणारा हिरवा डोळा) हिरवा होतो, आवाज मात्र नाही. मग सल्ले सुरू होतात. एक जण म्हणतो, "व्हॉल्व्ह गेलाय, बदला." दुसरा म्हणतो, "आतलं सगळं काढून ब्लूटूथचं किट बसवा." दोघांचंही ऐकू नका. व्हॉल्व्ह म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काळातली काचेची नळी, आणि पेटणारा व्हॉल्व्ह बहुतेक वेळा अजून कामाचा असतो. आवाज जाणं हा परिणाम आहे. कारण न शोधता भाग बदलला तर नवा भागही जुन्याच वाटेने जातो.

उघडण्याआधी

व्हॉल्व्हच्या काचेवरची अक्षरं वाचा. ईसीएच८१, ईबीएफ८९, ईएल८४ असे 'ई'ने सुरू होणारे असतील तर सेट सहसा ट्रान्सफॉर्मरवर चालतो. यूसीएच८१, यूसीएल८२ असे 'यू'वाले असतील तर चासी (सगळे भाग बसवलेला पत्र्याचा सांगाडा) थेट मेन्सला जोडलेली असते. असा सेट आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरशिवाय (सेटला मेन्सच्या तारांपासून वेगळं करणारा ट्रान्सफॉर्मर) उघडायचा नाही, कितीही घाई असली तरी. 'ई'वाल्या सेटचीही खात्री करून घ्या: प्लग सॉकेटमधून काढा, रेडिओचा स्विच चालू ठेवा आणि प्लगची प्रत्येक पिन व चासी यांत मल्टीमीटर ओहमवर ठेवून लावा. थोडेसेच ओहम दिसले तर तोही तसलाच समजा.

मागच्या व्होल्टेजच्या टॅपवर २४० निवडा. वर्षानुवर्षं बंद असलेला सेट ६० वॅटचा पिवळा (आत तार असलेला जुना) बल्ब सिरीजमध्ये, म्हणजे मेन्सच्या एका तारेच्या वाटेत, जोडूनच चालू करा. बल्ब लख्ख पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद करा. आत २५० व्होल्ट डीसी असतं आणि स्विच बंद केल्यावरही ते फिल्टर कंडेन्सरमध्ये (पुरवठ्याचं डीसी सपाट करणारा मोठा कंडेन्सर) राहतं. १० किलो-ओहमच्या रेझिस्टन्सने ते उतरवा, मीटरवर शून्य बघा, मगच हात घाला.

झटपट तपासण्या

बँड स्विच ग्रामोफोनवर राहिलेला नाही ना, ते बघा. स्पीकरची एक तार सोडवून दीड व्होल्टचा सेल टेकवा, 'टक्' वाजलं पाहिजे. तार परत जोडल्याशिवाय रेडिओ चालू करू नका, स्पीकरविना चालवलेल्या सेटचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर (आउटपुट व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांच्यामधला) जळू शकतो.

आता सेट चालू करून व्हॉल्यूम पूर्ण वाढवा आणि इन्सुलेटेड स्क्रूड्रायव्हरचं टोक व्हॉल्यूम कंट्रोलच्या मधल्या टॅगला लावा. खणखणीत 'घूंऽऽ' किंवा 'टक्' आलं तर पुढचा ऑडिओचा भाग शाबूत आहे, बिघाड त्याच्या आधीच्या, एरियलकडच्या भागात. काहीच आलं नाही तर बिघाड आउटपुटकडे. मुके रेडिओ बहुतेक इथेच अडकलेले असतात.

आउटपुट व्हॉल्व्ह आणि तो एक कंडेन्सर

या टप्प्याने मला फार छळलं आहे, म्हणून सविस्तर सांगतो.

ईएल८४ हा स्पीकर चालवणारा आउटपुट व्हॉल्व्ह. त्याच्या बुडाशी मीटर लावा, काळी तार चासीला. ९ नंबरच्या पिनवर (स्क्रीन) आणि ७ नंबरवर (प्लेट) दोन्हीकडे साधारण २०० ते २५० व्होल्ट हवेत. ९ वर व्होल्टेज आहे पण ७ वर शून्य, असं असेल तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरचं प्रायमरी (व्हॉल्व्हकडचं वेटोळं) तुटलं आहे. खोलीतला दिवा मालवून बघितलंत तर व्हॉल्व्हच्या आतली जाळी (स्क्रीन) लालभडक दिसेल. तत्काळ बंद करा. प्लेटला पुरवठा नसल्याने सगळा भार एकट्या स्क्रीनवर येतो आणि चांगला व्हॉल्व्ह फुकट जातो.

इथवर बरेच जण पोचतात, नवा ट्रान्सफॉर्मर बसवतात, रेडिओ गातो आणि काही महिन्यांत परत मुका होतो. कारण ट्रान्सफॉर्मर मुळात का जळला, हे कोणी विचारतच नाही.

उत्तर बहुधा कपलिंग कंडेन्सरमध्ये असतं. आधीच्या ट्रायोडच्या (आवाज वाढवणाऱ्या आधीच्या व्हॉल्व्हच्या) प्लेटपासून ईएल८४ च्या २ नंबरच्या पिनेकडे (ग्रिड) जाणारा, ०.०१ ते ०.०२२ मायक्रोफॅरडचा. जुन्या सेटमध्ये तो कागदाचा, वरून मेण लावलेला असतो. खानापूरकडचा पावसाळा महिनोन्‌महिने माळ्यावर मुरला की कागद ओल धरतो आणि कंडेन्सर डीसी गळू द्यायला लागतो. ग्रिडवर पॉझिटिव्ह व्होल्टेज चढतं, व्हॉल्व्ह प्रमाणाबाहेर करंट ओढतो आणि तो सगळा करंट ट्रान्सफॉर्मरच्या केसासारख्या बारीक तारेतून जातो. आधी आवाज फाटतो, मग तार तुटते.

"मी कंडेन्सर मीटरवर तपासला, बरोबर दाखवतो," हे वाक्य ऐकलं की मला राग येतो. मीटर तपासतो एक-दोन व्होल्टवर. गळती दिसते दोनशे व्होल्टवर. म्हणून कंडेन्सर जागेवरच, सेट चालू ठेवून तपासायचा. प्लेटला पुरवठा असेल तरच हे करा. प्रायमरी तुटलेलं असेल तर ईएल८४ उपसून ठेवा आणि सॉकेटच्या २ नंबरवर मोजा.

तिथे शून्य हवं. अर्धा व्होल्ट पॉझिटिव्ह दिसला तरी कंडेन्सर बाद. यासाठी साधा डिजिटल मीटर घ्या. काट्याचा जुना मीटर ग्रिडच्या मोठ्या रेझिस्टन्सवर स्वतःच भार टाकतो आणि गळती लपवतो.

व्हॉल्व्ह बसवलेला असताना व्होल्टेज दिसलं तर कंडेन्सरचं एक टोक सोडवून पुन्हा मोजा. शून्य झालं तर दोष कंडेन्सरचा. अजूनही व्होल्टेज दिसतंय आणि व्हॉल्व्ह तापेल तसं चढतंय, तर दोष व्हॉल्व्हचा, आणि तेव्हाच तो बदला.

माझं ठाम मत: हा कंडेन्सर चांगला दिसला तरी बदला. ६३० व्होल्टचा पॉलिस्टर घाला, जुनी तार पूर्ण साफ करून डाग (सोल्डर) द्या. नंतर ३ नंबरच्या पिनवर (कॅथोड) ७ व्होल्टच्या आसपास आलं पाहिजे. १०-१२ दिसले तर अजून काहीतरी चुकतंय, पुढे जाऊ नका.

ट्रान्सफॉर्मर वाइंडिंगला देताना

ईएल८४ ला साधारण ५००० ओहमचा भार लागतो. ४ ओहमच्या स्पीकरला वेढ्यांचं प्रमाण सुमारे ३५ ला १ येतं. मोटार वाइंडिंगच्या दुकानात दिलात तर समोर उभं राहून एक गोष्ट सांगा: गाभ्याचे पत्रे उलटसुलट घालायचे नाहीत. सगळे इंग्रजी 'ई' (E) आकाराचे पत्रे एका बाजूला, सगळे 'आय' (I) आकाराचे दुसऱ्या बाजूला, मध्ये कागदाची फट. मेन्सच्या ट्रान्सफॉर्मरची सवय झालेला कारागीर हात बसल्याप्रमाणे पत्रे गुंफून टाकतो. मग डीसीमुळे गाभा चुंबकत्वाने भरून जातो आणि आवाज चिरका, पातळ येतो. म्हणून सोडवण्याआधी जुन्याची रचना मोबाइलवर टिपून ठेवा.

ऑडिओ चांगला, तरी स्टेशन नाही

बँड स्विच कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करा. मग एरियल लावा. हे सेट गच्चीवर ताणलेल्या लांब तारेवर आणि अर्थिंगवर चालायला बनवलेत, फूटभर वायरवर नाही. डायलवरचे आकडे तरंगलांबीच्या मीटरमध्ये असतील तर हिशेब करा: ३ लाख भागिले किलोहर्ट्झ. धारवाडचं ७६५ किलोहर्ट्झ ३९२ मीटरच्या आसपास, सांगलीचं १२५१ हे २४० मीटरला. दूरची केंद्रं अंधार पडल्यावर शोधा, मीडियम वेव्ह रात्री लांब पोचते. आणि ऐकताना खोलीतले एलईडी दिवे, मोबाइलचा चार्जर बंद करा, अर्धी खरखर त्यांचीच असते.