पांढऱ्या कपड्यातल्या पंगतीला जाताय? या चुका टाळा

दिने आँ ब्लाँ म्हणजे सगळ्यांनी पांढरे कपडे घालून उघड्यावर एकत्र बसून करायचं जेवण. त्याचं आमंत्रण आलं की लोक पहिल्यांदा कपड्यांच्या खरेदीला पळतात. कपडे ही या जेवणातली सगळ्यात सोपी गोष्ट आहे. संध्याकाळ बिघडते ती टेबल, ट्रॉली आणि डब्यांमुळे, आणि दरवेळी तेच होतं. न्यूयॉर्कच्या जेवणाला न्यू जर्सीतून आपली बरीच मराठी मंडळी जायला लागलीयत म्हणून हे सविस्तर लिहितेय.

आधी एक समजून घ्या, ही तिकीट काढून जायची बुफे पार्टी नाहीये. 1988 साली पॅरिसमध्ये फ्रांस्वा पास्किएने मित्रांना जेवायला बोलावलं, माणसं घरच्या बागेत मावणार नाहीत एवढी झाली, मग सगळ्यांना बोआ द बुलोन या तिथल्या मोठ्या बागेत या म्हणून सांगितलं आणि गर्दीत एकमेकांना ओळखता यावं म्हणून पांढरं घालून या असं ठरलं. पद्धत अजून तीच आहे. टेबल तुमचं, खुर्च्या तुमच्या, जेवण, ताटं, ग्लास सगळं तुमचं, आणि जागा कुठली ते शेवटच्या क्षणापर्यंत सांगत नाहीत. आधी ठरलेल्या ठिकाणी जमायचं आणि ग्रुप लीडर नेईल तिकडे सामानासकट जायचं. (लीडरला "जागा तेवढी सांगा ना" असे मेसेज करू नका, प्लीज.)

नवं टेबल खोक्यातून तिथे जाऊन उघडणं

यावर माझा सगळ्यात जास्त राग आहे. टेबल चौकोनी, 28 ते 32 इंचाचं लागतं, कारण सगळी टेबलं एकमेकांना चिकटवून लांबच लांब रांग करतात. तुमचं टेबल चार फुटी निघालं की शेजारच्या दहा जोड्या सरकवाव्या लागतात. आणि वजनाचं काय? एक जोडपं आमच्या ग्रुपमध्ये होतं, ट्रॉली आदल्या संध्याकाळी घेतलेली, चाकं बारकी, खाली खुर्च्या, त्यावर टेबल आणि सगळ्यात वर काचसामानाची पिशवी, बांधलेली एका इलॅस्टिकच्या दोरीने. सबवेच्या जिन्यात दोरीचा हूक सुटला आणि प्लेटा, वाइनग्लास सगळं पायऱ्यांवरून खाली. लागलं कुणाला नाही हे नशीब, पण काचा गोळा करेपर्यंत पूर्ण ग्रुप थांबला, ट्रेन गेली, पुढची आली त्यात एवढ्या ट्रॉल्या मावेनात, आणि आम्ही पोचलो तेव्हा बाकीचे नॅपकिन फिरवत होते. पांढरे नॅपकिन हवेत फिरवले की जेवण सुरू, हा या संध्याकाळचा सगळ्यात सुंदर क्षण, आणि तीसएक माणसांचा तो गेला.

मी काय करते सांगते. आठवडाभर आधी पूर्ण सामान बांधते आणि बिल्डिंगला एक चक्कर मारून तीन मजले जिन्याने चढते-उतरते. जे जड वाटतं ते घरी ठेवते. प्लेटा टेबलक्लॉथमध्ये गुंडाळून सगळ्यात खाली. चाकं मोठी आणि रबराची. लोक म्हणतात एवढं कशाला, व्हिडिओ बघितलाय ना, पण व्हिडिओ बघून ट्रॉली जिना चढत नाही.

हळद

दुसरी चूक खास आपली. रेस्टॉरंटमधून ग्रेव्ही पार्सल आणायची, प्लास्टिकच्या डब्यात, बास्केटमध्ये आडवी. एका ताईंच्या टेबलावर डबा गळला, त्यांनी घाईघाईत साबणाच्या पाण्याने पुसलं आणि पिवळा डाग लालभडक झाला. हळद साबणाने लालच होते, त्यामुळे तिथे नुसतं टिपून घ्या, घासू नका, घरी येऊन धुवा आणि कडक उन्हात वाळत घाला, उन्हाने बराचसा जातो.

त्यापेक्षा हळदच नेऊ नका! उपवासाचं जेवण आठवा, त्यात हळद नसतेच. साबुदाणा वडे, जिऱ्याची बटाट्याची भाजी, खोबऱ्याची चटणी, शिवाय दहीभात, काकडीची कोशिंबीर, सगळं गार खाल्लं तरी छान लागतं. तिथे गरम करायची सोय नसते हे लोक विसरतातच. श्रीखंड न्यायचं तर केशर न घालता, बर्फाच्या पिशवीवर ठेवून. आणि कागदी प्लेटा, प्लास्टिकचे चमचे अजिबात नाही, ते नियमातच बसत नाही.

बाकीच्या चुका पटापट.

क्रीम, मोतिया, ऑफ-व्हाइट म्हणजे पांढरं नाही. लखनवी कुर्ता मस्त दिसतो, पण आधी उजेडात पांढऱ्या कागदाशेजारी धरून बघा.

टोकदार हिल्स हिरवळीत रुततात, जाड टाचेचे घ्या.

वाइन न्यूयॉर्कमध्ये घरून आणायची नाही, आधीच ऑनलाइन मागवायची. बिअर आणि हार्ड ड्रिंक्स विसरा.

पाऊस आला तरी जेवण होतं, पारदर्शक छत्री ठेवा.

टेबलक्लॉथला क्लिपा लावा, नदीकाठी वारा खूप असतो.

आणि आयत्या वेळी रद्द करू नका. आधी गेल्या वर्षीचे मेंबर, मग त्यांनी बोलावलेले, मग वेटिंग लिस्ट अशी नोंदणी होते, म्हणजे तुम्ही कुणाच्या तरी शब्दावर आत आलेले असता. रांगेत जोड्या समोरासमोर बसतात, तुमची जागा रिकामी राहिली तर ती सगळ्यांना दिसते आणि बोलणी तुमच्या मित्राला खावी लागतात.

कचऱ्याच्या दोन पिशव्या न्या, एक ओल्याची, एक बाटल्यांची. निघताना टेबलाखाली टॉर्च मारून बघा, रात्री पेटवलेल्या फुलबाज्यांच्या तारा तिथेच पडलेल्या असतात, पूर्ण गार झाल्या की मगच उचला.