जुन्या ट्रॅक्टरचं इंजिन नीट करायचं की दुसरं बसवायचं

ट्रॅक्टर धूर मारायला लागला, ऑइल खायला लागला की पानठेल्यावर सगळ्यांचे सल्ले सुरू होतात, कोणी म्हणते खोलून टाक, कोणी म्हणते जुन्यात पैसे कशाला घालतो, नवीन मॉडेलचं इंजिन बसव अन् मोकळा हो. माझं मत आधीच सांगतो. ट्रॅक्टर असेल तर त्याचंच इंजिन नीट करा, आणि बदलायची वेळ आलीच तर त्याच मॉडेलचं बसवा. जीपचं गणित वेगळं आहे, ते खाली सांगतो.

काहून म्हणतो ते पाहा. जीपला चेसिस असते, इंजिन तिच्यावर ठेवलेलं असते. मॅसी १०३५ सारख्या ट्रॅक्टरला तशी चेसिसच नसते, इंजिनचा ब्लॉक हाच गाडीचा कणा, पुढचा एक्सल त्यालाच बोल्टनं जोडलेला आणि मागून क्लच हाऊसिंग अन् गिअरबॉक्स. काही मॉडेलला बाजूनं चॅनेल असतात पण मागचा जोड तोच. दुसऱ्या मॉडेलच्या इंजिनचे बोल्ट तिथं जुळत नाहीत, मग लेथवाल्याकडून जाड प्लेट बनवून घेतात, ती प्लेट सेंटरला थोडीशी जरी हलली तरी क्लच प्लेट अन् गिअरबॉक्सचं पुढचं बेअरिंग लवकर जाते. आणि आपली काळी जमीन, खोल नांगरटीत किती ओढ पडते ते कास्तकाराला सांगायची गरज नाही, ती सगळी ओढ त्याच जोडावर येते. शिवाय ३५ एचपीच्या ट्रॅक्टरला ५० एचपीचं इंजिन लावलं तरी मागचे गिअर, डिफरन्शियल, एक्सल ३५ चेच राहतात, तुटायचं काम मग मागं सुरू होते. पीटीओचंही (थ्रेशरसारखं अवजार फिरवणारा मागचा शाफ्ट) पाहा, तो मिनिटाला ५४० फेरे इंजिनच्या ठरलेल्या आरपीएमवरच देतो, नवीन इंजिनचा आरपीएम वेगळा असला की थ्रेशरचा स्पीडच बदलतो, मग दाणा फुटतो नाहीतर भुशात जातो.

आता धुराचं. धूर दिसला म्हणजे पिस्टनच्या रिंगा गेल्या असं धरून चालू नका. काळा धूर असेल तर आधी एअर क्लीनर, नोझल अन् पंप पाहा, डिझेल जास्त किंवा हवा कमी एवढंच त्याचं कारण असते बरेचदा. पांढरा धूर सकाळी थंडीत थोडा वेळ निघाला तर चालते, गरम झाल्यावरही निघत असेल तर डिझेल नीट जळत नाही किंवा हेड गॅस्केटमधून पाणी आत जाऊन राहिलं. निळा धूर म्हणजे ऑइल जळते, पण तेही रिंगेतूनच येते असं नाही, व्हॉल्व्हच्या गाइडमधूनही उतरते.

मिस्त्रीला पाना लावू द्यायच्या आधी दोन टेस्ट करून घ्या. एक, कॉम्प्रेशन गेज लावून प्रत्येक सिलिंडर वेगळा मोजायचा, सगळे सारखेच थोडे कमी असतील तर झीज आहे, एकच फार खाली असेल तर बिघाड त्या एकातच आहे. दुसरी टेस्ट कमी लोक करतात पण मला ती जास्त पटते: पिस्टन कॉम्प्रेशनला पूर्ण वर आणायचा, दोन्ही व्हॉल्व्ह बंद पाहिजेत, गाडी गिअरमध्ये टाकून चाकाला लाकूड लावायचं नाहीतर हवेनं इंजिन फिरते, आणि नोझलच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडायची. मग फक्त कान द्यायचा. ब्रीदरमधून (इंजिनच्या खालच्या भागातली हवा बाहेर सोडणारी नळी) हवा आली तर रिंग-लायनर, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, एअर क्लीनरकडून आली तर इनटेक व्हॉल्व्ह, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट किंवा हेडला तडा. नुसते व्हॉल्व्ह निघाले तर हेडच्या कामात भागते, पूर्ण इंजिन खोलायची गरजच पडत नाही.

खोलावंच लागलं तर खरा निर्णय दोनच गोष्टींवर आहे, ब्लॉक अन् क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा). लायनर, पिस्टन, रिंगा, बेअरिंग, गॅस्केट हे बदलायचेच पार्ट आहेत, त्यांच्या भावानं घाबरू नका. क्रँक मायक्रोमीटरनं मोजून घ्या, अंदाजानं नाही. तो दहा, वीस, तीस थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) असा घासत जातो अन् तेवढ्याच अंडरसाइजचं बेअरिंग लागते, आधीच शेवटच्या साइजला आलेला असेल तर नवीन क्रँकचा भाव आजच विचारा. ब्लॉक गरम पाण्यानं धुवून तडा पाहा, लायनर बसते ती जागा खाल्लेली आहे का पाहा. लायनरला बाहेरून बारीक बारीक खड्डे पडलेले दिसले तर समजा की वर्षानुवर्षं बोअरवेलचं साधं पाणी टाकलं, कुलंट टाकलाच नाही. विदर्भातल्या मे महिन्याच्या उन्हात तर कुलंट अन् साफ रेडिएटर पाहिजेच.

पिस्टनच्या रॉडनं ब्लॉक फोडला असेल, तडा मेन बेअरिंगच्या जागेतून गेला असेल, किंवा ब्लॉकही खराब अन् क्रँकही संपला असेल, तर दुसरं इंजिन घ्या. वापरलेलं घेताना ते थंड असताना चालू करून दाखवायला सांगा, आधीच गरम करून ठेवलेलं असेल तर उद्या या म्हणा. चालू असताना ऑइलचं झाकण काढा, जोरात धूर भपके मारत असेल तर ते तुमच्या जुन्याचाच भाऊ आहे, घेऊ नका.

जीपमध्ये बदल जमतो. महिंद्राच्या एमएम-५४० जीपमध्ये प्यूजोचं डिझेल इंजिन यायचं, ते काढून महिंद्राचं २५२३ सीसीचं डीआय (डायरेक्ट इंजेक्शन) इंजिन बसवलेल्या गाड्या पुष्कळ आहेत, खालच्या गिअरमध्ये ओढते मस्त, पण कमी आरपीएमवर चालणारं असल्यानं रोडवर पळायला कमी पडते. नव्या बोलेरोचं कॉमन रेल इंजिन मात्र नुसतं उचलून बसत नाही, त्याच्यासोबत ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर), वायरिंग, सेन्सर सगळं लागते अन् तालुक्याला ते पाहणारा माणूस सापडत नाही.

कागदपत्रं सोडू नका. आरसीवर इंजिन नंबर असतो, मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ मध्ये गाडीत असा बदल परस्पर करता येत नाही, आधी आरटीओची परवानगी, मग नवा नंबर आरसीवर चढवा. विक्रेत्याकडून पक्कं बिल घ्याच, नंबर जुळला नाही तर विम्याच्या क्लेमला अडकाल, चोरीचं निघालं तर त्याहून वाईट.

काम पोळ्याच्या सुमारास काढा, तेव्हा डवरणी आटोपत आलेली असते अन् सोयाबीनला वेळ असते. मृगाच्या तोंडावर खोललं तर मिस्त्री घाई करते अन् तुम्हीही. आणि इंजिन गेलं काहून हे शोधल्याशिवाय नवीन पार्ट टाकू नका. थ्रेशरची धूळ हे आपल्याकडचं मोठं कारण, एअर क्लीनरचं ऑइल दर सीझनला नाही, थ्रेशर चालते तेव्हा रोज पाहायचं, अन् क्लीनर ते मॅनिफोल्ड मधला रबरी पाइप चिरलेला असेल तर नव्या रिंगाही लवकरच जातील.

काम झाल्यावर पहिले पन्नास तास नांगर लावू नका, पण नुसती उभी ठेवून आयडलवरही घंटोगणती चालवू नका, रिंगा बसायला मध्यम लोड लागते, ट्रॉली हलकी भरून चालवा. पन्नास तासांनी ऑइल अन् फिल्टर बदला, टॅपेट पुन्हा सेट करा, आणि त्या मॉडेलच्या पुस्तकात सांगितलं असेल तर हेडचे बोल्ट टॉर्क पान्यानं पुन्हा कसा, साध्या पान्यानं अंदाजे नाही.