डीएसएल राउटर: रिसेटचं बटण दाबण्याआधी या चुका टाळा

फोनच्या तारेतून येणारं डीएसएल नेट अडकलं की बहुतेकांचा हात राउटरच्या मागच्या रिसेटच्या भोकाकडे जातो. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. टाचणीने ते बटण दहाएक सेकंद दाबून धरलं की पीपीपीओईचं (कंपनीच्या नेटवर लॉगिन करायचं) युजरनेम-पासवर्ड, व्हीपीआय-व्हीसीआय (कंपनीने जोडणीसाठी ठरवलेले दोन आकडे), वायफायचं नाव, सगळं पुसलं जातं. बीएसएनएलच्या एडीएसएल (डीएसएलचाच एक प्रकार) जोडणीवर व्हीपीआय-व्हीसीआय सहसा ० आणि ३५ असतात. ते चुकले तर डीएसएलचा दिवा स्थिर दिसतो, नेट मात्र येत नाही, आणि आपण लाइन खराब असल्याची तक्रार करून बसतो. नुसतं बंद-चालू करायचं तर पॉवरचं बटण आहेच. राउटर नीट चालू असतानाच सेटिंग्जचा बॅकअप काढून ठेवा. बहुतेक मॉडेल्समध्ये ती सोय असते.

आधी दिवे बघा. डीएसएलचा दिवा लुकलुकत राहिला तर एक्स्चेंजशी (टेलिफोन केंद्राशी) सिंकच, म्हणजे जुळणीच, होत नाहीये. तिथे पासवर्ड बदलून काही उपयोग नाही. तो स्थिर आहे पण इंटरनेटचा दिवा लाल किंवा बंद आहे, तर लॉगिन तपासा. दोन्ही ठीक असूनही नेट रडतंय, तर लॅपटॉपला लॅन केबल लावा. केबलवर वेग नीट मिळाला तर दोष वायफायचा.

लोक सहसा उघडत नाहीत ते पान म्हणजे डीएसएल स्टॅटिस्टिक्स. ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता, सहसा १९२.१६८.१.१, टाकून आत गेलात की स्टेटसखाली ते सापडतं. एसएनआर मार्जिन, म्हणजे लाइनवरचा गोंगाट सोसून सिग्नलला उरलेली सवड, १० डेसिबलच्या वर असेल तर निवांत राहा. ६ च्या खाली गेलं की लाइन तुटू लागते. अटेन्युएशन, म्हणजे तारेत सिग्नल किती क्षीण होतो ते, मुख्यतः तारेच्या लांबीवर ठरतं. एडीएसएल२+ चा २४ एमबीपीएस वेग कागदावरचा. एक्स्चेंज चार-पाच किलोमीटरवर असेल तर त्याची आशा नको. पण अंतर तेच असताना अटेन्युएशन अचानक वाढलं, तर कुठेतरी जॉइंट गंजलाय. सीआरसी एरर (बिघडून पोचलेल्या डेटाची मोजणी) एकदा पाहून पुरत नाही. पंधरा मिनिटांनी पुन्हा बघा, भराभर वाढतायत का ते. नेट छान चालू असलेल्या दिवशी हे सगळे आकडे वहीत टिपून ठेवाच. बिघाडाच्या दिवशी तुलना करायला दुसरं काहीच हाताशी नसतं, आणि लाइनमनला आकडे दाखवले की बोलणं थेट मुद्द्यावर येतं.

पावसाळ्यात डीपीत (बाहेरच्या तारांच्या जोडणीच्या डब्यात), रोझेटमध्ये (घरातल्या फोनच्या सॉकेटमध्ये) ओल शिरते. रिसीव्हर उचला, एकच आकडा दाबा म्हणजे डायल टोन थांबेल, आणि कान देऊन ऐका. खरखर आली तर दोष तारेत आहे, राउटर बदलू नका. फोन वाजला की नेट जातं? मग कुठला तरी पॅरलल फोन स्प्लिटरच्या (फोन आणि नेटचे सिग्नल वेगळे करणाऱ्या डबीच्या) आधीच जोडलेला असणार. बाहेरून आलेली तार पहिल्यांदा स्प्लिटरच्या लाइन पोर्टमध्ये आणा आणि सगळे फोन त्याच्या फोन पोर्टवर घ्या.

राउटरच्या सेटिंग्जचा पासवर्ड 'अ‍ॅडमिन' तसाच ठेवू नका. जुलै २०१७ मध्ये बीएसएनएलच्या ग्राहकांचे कितीतरी मोडेम मालवेअरने बंद पाडले, ते मूळ पासवर्ड न बदललेलेच होते. तो बदला, बाहेरून म्हणजे वॅनकडून होणारं रिमोट मॅनेजमेंट बंद करा, आणि डीएनएसच्या (साइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता शोधून देणाऱ्या सर्व्हरच्या) जागी अनोळखी पत्ता बसलेला नाही ना, हे अधूनमधून बघा. डीएनएस बदललं की बँकेचा पत्ता अचूक टाकूनही खोटी साइट उघडू शकते.

दुसरा राउटर लॅन-टू-लॅन जोडताना त्याचा आयपी वेगळा ठेवा आणि डीएचसीपी (उपकरणांना आयपी पत्ते वाटणारी सोय) बंद करा, नाहीतर दोघेही पत्ते वाटत बसतात.

विजा चमकायला लागल्या की अडॅप्टरबरोबर फोनची तारही काढा. झटका तारेतूनही येतो, नुसता प्लग काढून डीएसएल पोर्ट वाचत नाही.